फोटोची चौकट रिकामी का राहते?



वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर बसतात. फांद्या हलवून ते गोळा करायला थोडेच दिवस मिळतात. म्हणून सन २०२३ च्या मे महिन्यात आम्ही संगणकावर एक पत्रक तयार केले. भुंगेरा, अंडी, अळी, कुरतडलेली मुळे असे वीस फोटो त्यात घातले आणि फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन छापखान्यात गेलो. उघडून पाहतो तर मजकूर जागेवर आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी! सगळं पुन्हा जुळवण्यात आठ दिवस गेले. भुंगेरे काही आपल्यासाठी थांबले नाहीत. चूक छापखान्याची नव्हती, माझीच होती.

आता आपली मुलं-मुली ठिबकचे प्रस्ताव, पीक नुकसानीचे अर्ज, कॉलेजचे अहवाल संगणकावरच करतात. त्यांचे असे होऊ नये म्हणून हा खुलासा.

मजकुरात फोटो दोन तऱ्हेने घालता येतो. एक, फोटो त्या फाईलमध्येच साठवणे. दुसरी, फोटो बाहेर ठेवून फक्त त्याचा पत्ता लिहिणे. याला लिंक म्हणतात. आपल्या ऊस नोंदीच्या वहीत ऊस नसतो, गट नंबर असतो, तसेच हे. लिंकमुळे फाईल हलकी राहते, पण पत्ता चुकला की चौकट रिकामी.

पत्ताही दोन प्रकारचा. पूर्ण पत्ता म्हणजे ‘डी ड्राइव्ह, हुमणी फोल्डर, अळीचा फोटो’. तो त्याच संगणकावर चालतो. जवळचा पत्ता म्हणजे ‘या फाईलशेजारच्या फोटो फोल्डरातली अळी’. तोडणी टोळीच्या गाडीत चूल मागच्या बाजूला बांधलेली असते. टोळी कुठल्याही गावाला जावो, चूल तिथेच सापडते. माझे पत्रक सी ड्राइव्हवर आणि फोटो डी ड्राइव्हवर होते. ड्राइव्ह वेगळे, म्हणून पूर्ण पत्ता लिहिला गेला आणि छापखान्याच्या संगणकावर तो पत्ताच नव्हता.

यावर उपाय असे :

१) प्रत्येक कामाला एक फोल्डर करावे. त्यात लेखाची फाईल आणि शेजारी ‘फोटो’ नावाचे फोल्डर ठेवावे. फोटो आधी तिथे उतरवून घ्यावेत, मगच लेखात घालावेत. मोबाईल किंवा पेन ड्राइव्हवरून थेट लिंक करू नये.

२) फोटोचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत द्यावे, मधे जागा सोडू नये. विंडोज मोठ्या-लहान लिपीतला फरक पाहत नाही, लिनक्स पाहते. एकदा लिंक केल्यावर नाव बदलू नये.

३) फाईल कुणाला देताना सबंध फोल्डर द्यावे. नुसती लेखाची फाईल देणे म्हणजे टोळी पाठवून कोयते घरी ठेवणे.

४) फोटो चार-दोनच असतील तर ते फाईलमध्येच साठवावेत. लिबरऑफिस रायटरमध्ये फोटो निवडताना ‘लिंक’ या चौकटीत खूण करू नये. आधीच लिंक झाली असेल तर ‘एडिट’ मेनूतील लिंकच्या यादीत जाऊन ‘ब्रेक लिंक’ करावे. मात्र त्यावेळी फोटो जागेवर हवेत.

५) नुसतेच छापायचे किंवा वाचायचे असेल तर पीडीएफ करून द्यावी; त्यात फोटो सोबतच जातात. पण देण्याआधी ती उघडून एकदा शेवटपर्यंत पाहावी.

प्रबंधासाठी लाटेक वापरणाऱ्या मुलांसाठी थोडे वेगळे. तिथे लेखाच्या फाईलमध्ये फोटो साठवतच नाहीत, फक्त नाव लिहितात. सुरुवातीला ‘ग्राफिक्सपाथ’ या आज्ञेत फोल्डरचे नाव एकदाच द्यावे आणि शेवटी तिरकी रेघ द्यावी. पुढे ‘इन्क्लूडग्राफिक्स’मध्ये नुसते फोटोचे नाव पुरते. विंडोजवरसुद्धा रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरचीच वापरावी, उलटी नव्हे.

शेवटची परीक्षा सोपी आहे. फोल्डर दुसऱ्याच्या संगणकावर नेऊन उघडावे. तिथे फोटो दिसले तर काम पक्के. ही तपासणी मी त्या मे महिन्यात केली असती तर पत्रक भुंगेऱ्यांच्या आधी आपल्या हातात पडले असते.

आपला,
ऊस विकास अधिकारी