‘मायसेल्फ प्रिया’ म्हणणं का चुकतं?

मुलाखतीत किंवा व्हिडिओच्या सुरुवातीला ‘हाय, मायसेल्फ प्रिया’ अशी ओळख तुम्हीही करून दिली असेल. पण इंग्रजीत हे चूक आहे. ‘आय अ‍ॅम प्रिया’ किंवा ‘माय नेम इज प्रिया’ म्हणा.

असं का? ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी’ नव्हे. क्रिया करणारा आणि ती ज्याच्यावर होते तो एकच असेल, तर ‘सेल्फ’वाला शब्द येतो. उदा. ‘आय हर्ट मायसेल्फ’, म्हणजे मी स्वतःला इजा करून घेतली. जोर देण्यासाठीही तो चालतो : ‘आय कुक्ड इट मायसेल्फ’, म्हणजे मी स्वतः बनवलं.

मग ‘प्लीज कॉल मायसेल्फ’? चूक! फोन करणार समोरचा, तुम्ही नाही. ‘प्लीज कॉल मी’ पुरेसं आहे.

दुसरा गोंधळ ‘हिज’ आणि ‘हर’चा. मराठीत ‘त्याचा भाऊ, त्याची बहीण’ असं वस्तू किंवा नात्यानुसार रूप बदलतं. इंग्रजीत फक्त मालक बघायचा. अमितची बहीण असली तरी ‘हिज सिस्टर’च.

आणि ‘अमित सोल्ड हिज बाइक’ म्हटल्यावर बाइक कोणाची? अमितची किंवा दुसऱ्या एखाद्या पुरुषाचीही असू शकते. मराठीत ‘आपली बाइक विकली’ म्हटलं की प्रश्न मिटतो. इंग्रजीत ‘हिज ओन बाइक’ लिहा.

मेसेज पाठवण्याआधी एकच तपासा : करणारा कोण आणि मालक कोण?