‘मी आले’ म्हणणारा मुलगा

नातू अडीच वर्षांचा असताना घरी आलेल्या एका पाहुण्यांसमोर जाऊन म्हणाला, ‘‘तुला पाणी पाहिजे.’’ पाहुणे कौतुकाने म्हणाले, ‘‘नको रे बाळा, आत्ताच चहा झाला.’’ त्याने पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा नको म्हटलं, आणि त्याने भोकाड पसरलं. तहान त्यालाच लागली होती. आई त्याला रोज ‘तुला पाणी पाहिजे?’ असं विचारते. म्हणजे ‘तुला’ हे आपलंच नाव, असा त्याचा हिशेब.

हे कोडं लवकर सुटलं. दुसरं चिवट निघालं. तो ‘मी आले’, ‘मी जाते’, ‘मी पडले’ म्हणे. ‘मुलगी आहेस का रे?’ म्हणून सगळे हसत; मीही हसलो. मग त्याची वाक्यं वहीत टिपू लागलो, तेव्हा दिसलं की तो सगळीकडे चुकत नाही. ‘मी पोळी खाल्ली’ बरोबर येई, कारण तिथे क्रियापद पोळीच्या मागून जातं, खाणाऱ्याच्या नाही. ‘सोनू आला’ हेही बरोबर. अडचण फक्त ‘मी’पाशी होती. दिवसभर त्याच्याशी बोलणाऱ्या दोघी, आई आणि आजी. (मी घरातच असतो, पण कागदांत डोकं घालून.) दोघी एकेकट्या आल्या की ‘मी आले’, बरोबर आल्या की ‘आम्ही आलो’, प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठी स्त्री-पुरुष भेद करत नाही. एवढ्या पुराव्यावरून मीसुद्धा हाच नियम काढला असता: एकटं असलं की ‘आले’, जास्त असलं की ‘आलो’.

जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं होतं. नाव ‘वग’. दोन दाखवल्यावर मुलं ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी आधी कुठे ऐकलेला असणं शक्यच नव्हतं. ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारं आपलं मूलही तेच करत असतं. नियम ते पाळतं, मोडलेला आपण असतो.

शिवाय चूक कुणाच्या लेखी? कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. तिथली पोर पुण्यात आली तर तिलाही हसतील, उलट कारणासाठी.

त्या हसण्याचा परिणाम वहीत दिसतो. पुढचे तीन आठवडे त्याच्या बोलण्यात ‘मी’ जवळजवळ नाहीच. ‘सोनू आला’, ‘सोनू पडला’, ‘सोनूला दे’. जिथे हसतात तो शब्दच त्याने टाकून दिला, असं मला वाटतं. ती पानं आजही मला खुपतात.

मग मी संध्याकाळी फिरून आल्यावर दारातूनच मोठ्याने ‘मी आलो’ म्हणू लागलो. आठवडाभराने चपला काढत होतो, तोच आतून आरोळी आली, ‘‘आजोबा आलो!’’