पहिले पान कोणासाठी?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. बड्या वृत्तपत्रांना महिनाभर तिचे गांभीर्य दिसले नाही. नोव्हेंबरात आपला समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा पहिले पान मिळाले ते दगडफेकीला आणि गृहमंत्र्यांच्या नक्षलवादी संशयाला! २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली नव्हे. खटल्यातला कळीचा प्रश्न हाच. त्यावर किती रकाने खर्ची पडले? (फाशीचे मथळे मात्र मोठे होते.) जनतेचा राजकारणावरील विश्वास उडाला, असे अग्रलेख हीच मंडळी लिहितात. आमच्या वस्त्यांत तो बसला होता कधी? आमच्याकडे येणारा अशील आजही आधी विचारतो, "साहेब, फिर्याद तरी लिहून घेतील का?"