काढलेल्या नळ्यांचा हिशेब

कार्बोरेटरची मारुती ८०० अजून जपून ठेवलेल्या माणसाला गॅरेजात एक सल्ला हमखास मिळतो. "साहेब, या नळ्या कशाला ठेवल्यात? काढून टाका, गाडी मोकळी चालेल." नळ्या निघतात, बॉनेटखाली सगळं कसं स्वच्छ दिसतं, आणि मग गाडी सिग्नलला थरथरू लागते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी ढेपाळते, मग एकदम उडी मारते. चावी बंद केल्यावरही दोनचार गचके खाऊन मगच थांबते. मालक वैतागतो, कार्बोरेटर खोलला जातो, जेट बदलतात, प्लग बदलतात. बिचाऱ्या कार्बोरेटरचा यात बहुधा काही दोष नसतो.

१९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेल्या या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या गाडीत कार्बोरेटर साधारण २००० सालापर्यंत टिकला. इंजिन स्लोवर असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिनावर गेज लावला तर काटा १७ ते २१ इंच पाऱ्याच्या दरम्यान स्थिर राहतो. उंची वाढत गेली की हजार फुटांमागे साधारण एक इंच उतरतो, म्हणजे मुंबईत १९ दाखवणारी गाडी महाबळेश्वरात १५च्या आसपास दाखवेल. हे विसरून तिथं इंजिन उघडायला निघालेले महाभाग असतात!

हा व्हॅक्यूम फुकटात मिळतो, म्हणून त्याच्याकडून बरीच कामं करून घेतलेली असतात. नळी काढली की दोन वेगळी दुखणी संभवतात : उघड्या राहिलेल्या निपलमधून इंजिन हवा घेऊ लागतं, किंवा त्या नळीचं कामच बंद पडतं. ही दोन्ही एकच समजली, की महिनाभर गॅरेजच्या वाऱ्या ठरलेल्या.

हवा घेणारं इंजिन ओळखायला सोपं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि ते माप कार्बोरेटर सांभाळतो. निपलमधून आलेली हवा त्याला चुकवून येते, सोबत पेट्रोल आणत नाही. स्लोवर इंजिनाची एकूण हवाच थोडी, त्यामुळे पेन्सिलीएवढं भोकही तिथं भारी पडतं. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तेच भोक कुणाच्या खिजगणतीत नसतं. म्हणून स्लोवर मिसिंग आणि हायवेला सुरळीत, असं असेल तर आधी भोक शोधावं. यावर बरेच मेकॅनिक स्लोचा स्क्रू फिरवून मिश्रण दाट करतात. थरथर झाकली जाते, भोक तिथंच राहतं आणि पीयूसीच्या वेळी ३ टक्के सीओची मर्यादा आडवी येते.

शोधायचं कसं? छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन कार्बोरेटरच्या मागच्या, हात न पोचणाऱ्या बाजूला बघा. तिथल्या निपलवरचं रबरी टोपण वरून शाबूत दिसतं. बोटानं जरा वाकवलं की बुडाशी चीर उघडते. काहींनी नळीत चक्क बोल्ट खुपसलेला असतो, पण त्याच्या आट्यांमधून हवा आत शिरते. इंजिन चालू ठेवून एकेक नळी फडक्यातून पक्कडीनं दाबत जा. जी दाबल्यावर आवाज बदलतो, तिथं पाणी मुरतंय. जोडांवर फवारणीच्या बाटलीतून साध्या पाण्याचा फवारा मारला तरी भोक क्षणभर बुजतं आणि स्लो बदलतो. पेट्रोल शिंपडून हे करणारे पाहिलेत. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी तो निव्वळ आत्मघात.

दुसऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त अन्याय होतो डिस्ट्रिब्युटरच्या नळीवर. अर्ध्या थ्रॉटलवर, हलक्या ओझ्यावर मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी काही अंश आधी पडावी लागते. ते काम ही नळी करते. तिचं तोंड थ्रॉटलच्या झडपेच्या जरासं वर असल्यानं स्लोवर तिथं व्हॅक्यूम नसतोच. त्यामुळे ती काढली तरी उभ्या गाडीत काही कळत नाही. कळतं ते पेट्रोल पंपावर. ॲव्हरेज पडतं, गाडी मंदावते, इंजिन जास्त तापतं. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून नळी तोंडानं ओढा : पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे, आणि नळीचं टोक जिभेनं बंद केल्यावर तिथंच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली, तर डायफ्रॅम फाटलाय.

ब्रेक बूस्टरच्या नळीशी मात्र कुणीही खेळू नये. एसीची आयडल-अप नळी काढली तर एसी लावताच इंजिन बसतं. पीसीव्हीची, म्हणजे क्रँककेसमधले वायू बाहेर काढणारी वाट बुजवली तर तिथं दाब साठून ऑइल सीलमधून गळू लागतं. टाकीचा श्वास कोंडला तर थोडं अंतर जाऊन पेट्रोल येणं थांबतं, आणि झाकण उघडताच फुस्स आवाज होऊन गाडी पुन्हा चालू लागते.

नळ्या परत बसवताना सलाइनची किंवा मासळीच्या टाकीची नळी वापरू नये. गरम झाली की ती चपटते. जाड भिंतीची, पेट्रोलच्या वाफेला टिकणारी रबरी नळी घ्या, निपलवर घट्ट बसेल अशा मापाची. एक नळी बसवा, इंजिन ऐका, मग पुढची. सगळ्या जागच्या जागी आल्यावर डिस्ट्रिब्युटरची नळी काढून, तिचं तोंड बंद करून टायमिंग लावा आणि नळी आठवणीनं परत जोडा. स्लोच्या स्क्रूला हात लावायचा तो त्यानंतर.