सहा वर्षांचा पक्ष, कुळाची जमीन आणि कामगाराचा संप

15 ऑगस्ट म्हटले की 1947 आठवते. परंतु त्याच्या अकरा वर्षे आधी, 15 ऑगस्ट 1936 रोजी, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला, हे आपल्या वस्त्यांतील किती तरुणांना ठाऊक आहे? चवदार तळे, पुणे करार, धर्मांतर यांवर आपण भरभरून बोलतो. या पक्षावर मात्र भाषणात एखादे वाक्य येते आणि वक्ता पुढे सरकतो. अल्पजीवी पक्ष, चार जागा, संपला विषय! ही समजूत चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा इतिहास समजून घ्यायला अष्टमीइतके चांगले ठिकाण नाही. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. आसपास भाताची खाचरे आणि जवळच धाटावचे रासायनिक कारखाने. कूळ आणि कामगार इथे एकाच घरात राहतात. बाप शेतावर, मुलगा कंत्राटावर. स्वतंत्र मजूर पक्ष नेमका या दोघांचा पक्ष होता.

त्याच्या जाहीरनाम्यात कुळांना संरक्षण होते, भू-तारण बँका होत्या, कामगारांच्या कामाचे तास आणि वेतन यांसाठी कायदे होते, तांत्रिक शिक्षण होते. जातीचे नाव पक्षाच्या नावात नव्हते. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे स्पृश्य समाजातील कार्यकर्ते त्याच्या पहिल्या फळीत होते. टिपणीस आणि चित्रे तर 1927 च्या महाडच्या संग्रामापासूनचे सोबती. 1937 च्या निवडणुकीत पक्षाने मुंबई इलाख्यात 17 उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. विधिमंडळ 175 जणांचे! सत्ता काँग्रेसची. स्वतःला साऱ्या राष्ट्राचा पक्ष म्हणवणाऱ्यांची.

मग या मूठभरांनी काय केले? 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोती म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये बसलेला सारावसुलीचा मालक. ही पद्धत मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यात आणि आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या काही भागांत होती. खोताला भरपाई द्यावी, पण जमीन कसणाऱ्याला कब्जेदाराचा दर्जा मिळावा, असे ते विधेयक होते.

त्यामागे चळवळ होती. अलिबागजवळच्या चरी येथे 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. 25 गावांचा तो संप सहा वर्षे चालला. उपासमार झाली, पण शेतकरी झुकला नाही. त्या लढ्याला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणासह इलाख्यातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला.

विधेयक मंजूर झाले नाही. म्हणून ते वाया गेले काय? खोती निर्मूलनाचा कायदा 1949 साली झाला. 1948 चा कूळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 रोजी कसणारे कूळ मालक मानले गेले. आम्ही वकिलीत कलम 32 ग ची प्रकरणे हाताळतो, तेव्हा एक गोष्ट पक्की कळते. कायदा झाला तरी ज्याचे नाव पीकपाहणीला कधी लागलेच नाही, त्याच्या नातवाला आजही पुराव्यासाठी वणवण करावी लागते. मागणी मांडणारा पक्ष गावात जिवंत नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

दुसरी लढाई कामगारांची. 1938 साली काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले. त्यात संपावर बंधने होती. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. 7 नोव्हेंबर 1938 रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. वैचारिक मतभेद होते, तरीही कामगाराच्या हक्कासाठी ते एकत्र आले.

आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता पाहा. पूर्वी 1947 च्या कायद्यात संपापूर्वी नोटीस देण्याची सक्ती सार्वजनिक उपयुक्त सेवांपुरती होती. नव्या संहितेत ती सर्वच उद्योगांना लागू आहे. 14 दिवसांची पूर्वसूचना हवी. त्यातून समेट सुरू झाला की संप बेकायदेशीर! धाटावच्या कंत्राटी कामगाराने संप करायचा तरी कधी? 1938 चाच प्रश्न नव्या वेष्टनात परत आला आहे. फरक एवढाच, की सभागृहात उठून बोलणारे ते मूठभर आज दिसत नाहीत.

1942 साली क्रिप्स योजनेत अस्पृश्यांची दखल घेतली गेली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि मजूर पक्षाची जागा तिने घेतली. पुढे 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष आला, आणि त्याचे गट किती झाले हे वाचकांना सांगायला नको. या गटांच्या नेत्यांना आमचा एकच सवाल आहे. तुमच्या पक्षाचे खोती विधेयक कोणते? आमदार किती, महामंडळे किती, हा हिशेब नंतर. कसणाऱ्याच्या सातबाऱ्यासाठी आणि कंत्राटी मजुराच्या पगारपत्रकासाठी तुम्ही सभागृहात कोणता कागद ठेवला?

कुंडलिकेच्या काठावरचे कूळ आणि धाटावचा कामगार यांना राष्ट्रप्रेम शिकवण्याची गरज नाही. राष्ट्र त्यांनीच पोसले आहे. त्यांच्या हक्काचा कायदा मागणारा पक्ष मात्र आपल्याला पुन्हा उभा करावा लागेल.