टोप अकोल्याला पोचवायचा आहे

सकाळी ६. उद्या १९ फेब्रुवारी, शिवजयंती. अकोल्याचा नऊ वर्षांचा एक मुलगा मिरवणुकीत मावळा होणार आहे आणि त्याचा प्लॅस्टिकचा टोप अमरावतीत माझ्या टेबलावर आहे. कपाळापासून कानापर्यंत तडा, सोनेरी रंगाचे पोपडे निघालेले. साच्यातून वस्तू सहज सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर कुणी धूत नाही, मग रंग प्लॅस्टिकला धरतच नाही. भांड्यांच्या साबणाने टोप धुतला आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासला. चमक पूर्ण गेली पाहिजे.

७. टोपावर लाल कुंचल्यासारखा तुरा आहे. तो रोमन शिपायाचा. बाजारात सगळ्यांना एकच साचा चालतो, पण मावळ्याच्या डोक्यावर तो मला बघवत नाही. करवतीच्या पात्याने कापून टाकला. तड्याला आतून डासांच्या जाळीची पट्टी लावून वर एम-सील दाबलं. कापसाची चिंधी मुद्दामच घेतली नाही. फेविक्विक कापसाला लागलं की तापतं, धूरसुद्धा निघतो. आमच्या कापसाच्या मुलखात हा चटका मी एकदाच खाल्ला. बाहेरची बारीक फट खाण्याचा सोडा भरून, वर फेविक्विकचे थेंब सोडून बुजवली. क्षणात दगड होतो.

९. आता रिवेटी. कड्याभोवती पेन्सिलने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर तुरीच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवला, सपाट बाजू खाली. गोल, फुगीर, सगळे जवळपास एकाच मापाचे. असे ४४ दाणे चिमट्याने बसवताना मान अवघडते, पण दिवसातलं हे काम मला सगळ्यात आवडतं. रंगाखाली गेल्यावर ही डाळ आहे हे कुणाला सांगावं लागतं.

१०:३०. प्रायमरचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. त्यावर काळा. चंदेरी रंग थेट दिला की टोप डब्यासारखा दिसतो. काळ्यावर दिला तर लोखंड वाटतो.

दुपारी १. चंदेरी कोरड्या ब्रशने. ब्रश रंगात बुडवून कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा, मग फक्त उंच कडांवरून फिरवायचा. दाण्यांची टोकं उजळली, खाचा काळ्या राहिल्या. जिथे हात लागतो तिथे धातू चकाकतो, म्हणून कडेला थोडी जास्त चमक ठेवली.

२:३०. मानेवरची जाळी. जिरेटोपातला ‘जिरे’ फारसी ‘जिरह’वरून आलेला, म्हणजे कड्यांचं चिलखत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाला भेटायला जाताना महाराजांच्या अंगात चिलखत होतं. ते लोखंड पोराच्या मानेला पेलायचं नाही. जाड सुतळी सैल टाक्यांनी विणली, काळी केली, गाठींवर चंदेरी फिरवला. दहा पावलांवरून कड्याच दिसतात. जुन्या शिरस्त्राणांना नाकावर लोखंडी पट्टी असते. मी ती मऊ रेक्झिनची केली. गर्दीत धक्का लागला तर नाक फुटायला नको.

४. आत स्पंजाच्या तीन पट्ट्या, मधे हवेला जागा. टोप जुन्या धोतरात गुंडाळला आणि बडनेऱ्याहून गाडी धरली. तासाभराचा प्रवास, सगळा वेळ टोप मांडीवर.

सायंकाळी ७, अकोला. मुलाने टोप घातला, मान जोरात हलवली. टोप डोळ्यांवर आला. कपाळाला स्पंजाची आणखी एक पट्टी लावली.

“आता दिसते का रे बाबू?”

“दिसते ना! पन इथचा एक खिळा पडला, काका.”

प्रवासात कपाळावरचा दाणा निखळला होता. माझी डाळीची पुडी अमरावतीलाच राहिली. आजी आत गेल्या, चार दाणे घेऊन आल्या.

“घे बापू, घरचीच तूर हाये.”

त्यातला सगळ्यात गोल निवडला, चिकटवला. रंगाची बाटली मात्र पिशवीत होती. बोटानेच चंदेरी लावला. तो वाळेपर्यंत मुलगा मान न हलवता उभा होता.