खर्जातला गिटारवाला

गिटारवादक ड्युएन एडीची गाजलेली रेकॉर्ड ऐकून होतकरू मुलगा ती आठवडाभरात बसवेल. एडीवरचा सर्वांत जुना आक्षेप हाच, आणि तो खोटा नाही. प्रश्न एवढाच की, इतकं सोपं वाजवणाऱ्याला 1958 ते 1963 या काळात, बहुतेकदा गायक सोबत न घेता, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसांत 15 गाणी कशी पोचवता आली? 1960मध्ये तर ब्रिटनच्या एका संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला एल्व्हिसच्याही वर बसवलं. माझ्या मते, एडी बोटांच्या चपळाईत नव्हे, तर ध्वनिमुद्रण म्हणजे काय हे ओळखण्यात इतरांच्या पुढे होता. बहुतेक गिटारवादक आपली करामत वरच्या, बारीक तारांवर दाखवत. एडीच्या लक्षात आलं की मायक्रोफोनसमोर खालच्या जाड तारा जास्त भारदस्त उमटतात. मग त्याने सुरावट खर्जात आणली आणि 1957मध्ये घेतलेल्या ग्रेच गिटारच्या बिग्सबी दांडीने सूर हलका डोलवला.

'रेबल राउझर' (1958) नीट ऐकावं. चाल तीच, पुन्हा पुन्हा. पण दरवेळी पट्टी थोडी चढते, मागे टाळ्या, आरोळ्या आणि सॅक्सोफोन येतात. गिटार मात्र घाई करत नाही. सॅक्सोफोन आणि आरोळ्या मागाहून हॉलिवूडमध्ये भरल्या होत्या. मूळ ध्वनिमुद्रण ॲरिझोनातल्या फिनिक्सचं. तिथल्या स्टुडिओत प्रतिध्वनीची खोली नव्हती, म्हणून निर्माता ली हेझलवूडने सुमारे दोन हजार गॅलनची पाण्याची रिकामी टाकी आणून बाहेर ठेवली. टाकीच्या एका टोकाला स्पीकर, दुसऱ्याला मायक्रोफोन. आणि टाकीवर पक्षी बसले की आधी ते हाकलायचे!

इथेच दुसरा आक्षेप येतो: मग श्रेय हेझलवूडचं, एडी नुसता निमित्त. हेझलवूडचा वाटा मोठा होता, यात वाद नाही; चाली रचण्यातही त्याचा हात होता. पण त्याच स्टुडिओत अल केसी हा हरहुन्नरी, तंत्राने अधिक तयार गिटारवादक होता आणि एडीच्याच रेकॉर्डवर तो साथीला बसे. टाकीचा गुण सगळ्यांनाच लागायचा असता, तर तो केसीलाही लागला असता. प्रतिध्वनी मोठा असला की दाट वाजवलेले सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. एडी दोन सुरांत जागा सोडायचा, म्हणून टाकीतून परतलेला सूर स्वच्छ ऐकू यायचा. वादकाचा तो संयम टाकीतून येत नाही.

बीटल्स अमेरिकेत आल्यावर त्याचा बहर ओसरला, हे खरं. त्यावरून तो एका हंगामाचा कलाकार ठरतो का? हेन्री मॅन्सिनीच्या 'पीटर गन'ची त्याची आवृत्ती 1959ची. 1986मध्ये आर्ट ऑफ नॉइझ या संगणकांवर संगीत रचणाऱ्या ब्रिटिश गटाने तीच चाल पुन्हा करायला घेतली, तेव्हा नक्कल करण्याऐवजी एडीलाच बोलावलं. यंत्रांचे आवाज अगदी त्या वर्षाचे, त्यांच्यामधून चालणारी गिटार जवळपास 1959चीच. या आवृत्तीला ग्रॅमी मिळालं. पुढच्याच वर्षी आलेल्या एडीच्या अल्बमवर पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन वाजवायला आले. ज्यांच्या लाटेत त्याची गाणी याद्यांमधून वाहून गेली होती, त्या गटातले दोघे.